झडतीबाईंची झडती

आमच्या बोटीवर दरवर्षी कॉलेजची पोरं येतात. शिडाची बोट आहे, जुनी पण खमकी. माझा धाकटा भाऊ तिचा कप्तान आणि मी तिच्यावरची स्वयंपाकीण. भाऊ सोडला तर बाकी सगळ्या जगाची मी मावशी. बेटांवरचे पक्षी, कासवं, खेकडे, झाडं, सगळं जागेवर जाऊन शिकायचं म्हणून ही पोरं येतात, आणि त्यांना घेऊन येतात त्या प्राणिशास्त्राच्या बाई. तोंडावर पोरं त्यांना मॅडम म्हणतात. पाठीमागे झडतीबाई. हे नाव बाईंनाही ठाऊक आहे, आणि मला विचाराल तर त्यांना ते आवडतं.

नाव पडलं ते धक्क्यावरच्या खोलीमुळे. बोट सुटायच्या आधी सगळ्यांनी त्या खोलीत जमायचं. खोली कसली, वर पत्रा आणि एक खिडकी, तीही बाई लावून घेतात. मधोमध पांढरी चादर अंथरलेली असते. एकेकाने यायचं आणि आपली पिशवी चादरीवर पालथी करायची. मग बाई गुडघ्यांवर बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सुरू. मोज्यांत अडकलेलं गवताचं बी चिमट्याने उपसतात. बुटांचे तळवे ब्रशने घासून घेतात. पिशवीच्या शिवणीतून नख फिरवतात. एकदा एकाच्या तंबूच्या घडीतून मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड निघालं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर तो तंबू तिथेच टाकून आला आणि सगळी सहल दुसऱ्याच्या तंबूत पाय पोटाशी घेऊन झोपला.

आता एवढं कशाला, तर त्या बेटांवर उंदीर नाहीत. मांजर नाही, मुंगूस नाही, अंडी चोरणारं चार पायांचं काहीच नाही. म्हणून तिथले समुद्रपक्षी बेफिकीर झालेत. घरटं वगैरे भानगड नाही, सरळ जमिनीवर अंडं घालायचं आणि त्यावर बसायचं, अगदी पायवाटेच्या मधोमध सुद्धा. तिथे एक पोटुशी उंदरीण उतरली की संपलं. असं बाई दरवर्षी त्या खोलीत सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज मास्तरणीचा राहत नाही.

मला पहिल्या वर्षी हे काही माहीत नव्हतं. बाई माझ्या सामानाशी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, बटाट्याचं पोतं उघडा. एकेक बटाटा बाहेर काढू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "बाई, मी चोर आहे का? की बटाटे चोर आहेत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "पोतं चोर आहे." आणि बसल्या की माझ्या शेजारी फतकल मारून. एकेक बटाटा पुसून पत्र्याच्या डब्यात टाकत गेल्या. तेव्हापासून बोटीवर पोतं नाही, पुठ्ठ्याचं खोकं नाही. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत. धक्क्याला बांधलेल्या दोरांवर पत्र्याच्या गोल तबकड्या, दोरावरून उंदीर चढू नये म्हणून. भाऊ म्हणायचा, "ताई, ही बाई एक दिवस माझीच झडती घेणार." घेतलीच. त्याच्या बुटात काटेरी बी सापडलं.

त्या दिवशी बटाटे पुसता पुसता त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. त्या स्वतः विद्यार्थिनी होत्या तेव्हा त्यांचे सर त्यांना अशाच एका बेटावर घेऊन गेले होते. पुस्तकात लिहिलं होतं, या बेटावर हजारो पक्षी. त्यांच्या जाण्याआधीच्या पावसाळ्यात तिथे एक मालवाहू बोट फुटली होती. "आम्ही उतरलो मावशी, आणि काही ऐकूच येईना," त्या म्हणाल्या. "लाटांचा आवाज, बस. सर म्हणाले, पक्षी उन्हामुळे गप्प असतील. मग झुडपांखाली अंड्यांची टरफलं दिसायला लागली. प्रत्येकाला एक भोक." एवढं सांगून त्यांनी पुढचा बटाटा पुसायला घेतला. त्यानंतर माझ्या डब्यांकडे त्यांना कधी बोट दाखवायची वेळ मी आणली नाही.

बाई माणूस म्हणून कशा, तर सांगते. समुद्राशी त्यांचं जन्माचं वैर. धक्का सुटला की बादली हातात. पोरांना डोलकाठीवरचा पक्षी दाखवतील, त्याचं नाव सांगतील, तो कुठून आला ते सांगतील, मध्येच "एक मिनिट" म्हणून वाकतील, तोंड पुसतील आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करतील. पोरंही आता हसत नाहीत. खाणं म्हणाल तर चहा आणि कोरडा पाव. आम्ही परत धक्क्याला लागेपर्यंत माझ्या हातचं गरम जेवण त्यांनी कधी जेवलं नव्हतं. मला वाटायचं, उलट्यांमुळे. पण नांगर टाकल्यावर, पाणी ताटासारखं स्थिर असतानाही नको म्हणायच्या. एकदा मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सगळं नीट पार पडेपर्यंत घशाखाली उतरत नाही हो." मला राग यायचा. आपण रांधायचं आणि माणसाने ताटाकडे बघायचंही नाही म्हणजे काय?

त्यांच्या घरीही मी गेले आहे. एका छापखान्याच्या मागे दोन खोल्या. पुढच्या खोलीत यजमानांचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल, मागच्या खोलीत चूल, आणि दोन्हीकडे बिस्किटांच्या डब्यांतून शिंपले, पिसं आणि कवट्या. सासूबाई एका खुर्चीत बसून म्हणाल्या, "या घरात साखरेचा डबा उघडायची मला भीती वाटते." यजमान भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "मावशी, आमचं लग्न ठरलं तेव्हा हिने माझ्या बुटांचे तळवे बघितले होते. मला वाटलं चप्पल-बुटांवरून माणूस पारखते." बाई लाजल्या. मी त्यांना लाजताना तेव्हा एकदाच पाहिलं.

तर यंदाची गोष्ट.

यंदा पहिलं बेट छान झालं. पोरांनी पक्षी मोजले, कासवांच्या वाटा मापल्या, खेकड्यांच्या मागे दुपारभर रांगले. मी बोटीवर, कानात कापूस घालून. त्या पक्ष्यांचा कलकलाट असा की आपल्याच भांड्यांचा आवाज ऐकू येत नाही, आणि वास तर विचारू नका. दरवर्षी मी कुरकुर करते आणि दरवर्षी बाई म्हणतात, "ओरडू दे मावशी. गप्प झाले की घाबरा." मग आम्ही शीड चढवलं आणि दुसऱ्या बेटाकडे निघालो. तिथे पोचून नांगर टाकला. सकाळी मी स्वयंपाकाच्या खोलीत उतरले आणि रात्री न्याहारीसाठी डब्याबाहेर काढून खालच्या फळीवर ठेवलेली पपई हातात घेतली.

पपईला भोक होतं. कडेने कुरतडलेलं.

बघितलं तर शेजारच्या पावाचाही कोपरा गेलेला. फळीवर उंदराच्या लेंड्यांसारखे काळे बारीक दाणे पडलेले, दोन की तीन. मी ते कागदावर घेतले आणि बाईंकडे गेले. त्या बादली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कागद बघितला, पपई बघितली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आधी मला वाटलं, नेहमीसारखं होतंय. पण त्यांनी बादली बाजूला ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"कप्तान," त्या म्हणाल्या, "नांगर उचला. बेटापासून लांब चला. उंदीर पोहतो."

मग सगळी बोट पालथी घातली. डेकवर पांढरी चादर अंथरली, सगळ्या पिशव्या पुन्हा पालथ्या केल्या. फळ्या उचकटल्या, दोरांची भेंडोळी सोडली, शिडांच्या घड्या उलगडल्या. मी माझे डबे एकेक उघडले. प्रत्येक डबा मी धक्क्यावर स्वतः बघून भरला होता, हे मला पक्कं आठवत होतं, आणि तरी दुपारपर्यंत मला माझ्याच आठवणीचा भरवसा वाटेना. उंदीर काही सापडला नाही. पोरं गप्प. आमच्यात एक मुलगी आहे, तिला सगळे टकळी म्हणतात, कारण ती झोपेतही बोलते. तिचंही तोंड बंद होतं. मी म्हटलं, पोरगी घाबरली.

खरी भीती या बोटीची नव्हतीच. बोटीवर उंदीर असेल तर तो पहिल्या बेटापाशीही आमच्याबरोबर होता. मग तो एकटा होता का? तिथे सामान उतरवताना एखादा उतरला असेल तर? प्रत्येकाच्या डोक्यात तेच होतं. बाई वळून वळून त्या बेटाच्या दिशेला बघत होत्या. ते तिथून दिसत सुद्धा नाही.

संध्याकाळी भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हे वायरलेसवर कळवलं तर बोट संपली. उंदीर निघालेल्या बोटीला बेटांच्या आसपास फिरकू देत नाहीत. परत जाऊ, धुरी देऊ, कुणाला कळणार आहे?"

"बाईंना कळलंय," मी म्हटलं.

"त्यांना तू समजाव. तुझं ऐकतील."

पोटाचा प्रश्न होता, त्याला तरी काय बोलू? मी बाईंकडे गेले खरी, पण तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मावशी, कप्तानांचं बरोबर आहे. त्यांचं नुकसान होईल आणि ते माझ्यामुळे होईल. पण लवकर कळलं तर पहिल्या बेटावरचे रक्षक पिंजरे लावतील, निदान काहीतरी वाचेल. उंदीर असेल तर सकाळी मी कळवणार. आणि माझी ही शेवटची सहल." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी त्या पोरांना काय सांगत होते इतकी वर्षं? आणि मीच नेऊन सोडला."

मला रडू आलं. मी नेहमीसारखी ओरडले, "अजून उंदीर दिसला नाही तर तुम्ही सुतक कसलं पाळताय? आधी दिसू तर द्या."

"तेच करायचंय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे पीठ किती आहे?"

माझं चांगलं बारीक चाळलेलं पीठ, मी पाहुण्यांसाठीही मोजून काढते ते! बाईंनी ते चाळणीतून स्वयंपाकाच्या खोलीच्या जमिनीवर भुरभुरवलं, पातळ, सारखं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मधोमध पपईचा तुकडा ठेवला. दार ओढून घेतलं आणि सगळ्यांना वर डेकवर झोपायला लावलं. "जो कोणी आहे तो आपली सही करून जाईल," त्या म्हणाल्या.

उजाडताच आम्ही दाराशी. पुढे बाई, मागे मी, माझ्या मागे भाऊ, आणि जिन्यावर एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावणारी पोरं. बाईंनी दार उघडलं. पपई खाल्लेली होती. पिठात खुणा होत्या.

बाई वाकल्या. चष्मा कपाळावर गेला. मग एकदम मटकन खाली बसल्या, त्या पिठातच, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, "बाई, अहो बाई, होईल काहीतरी, आपण पिंजरे लावू." त्यांनी तोंड वर केलं. बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत.

"मावशी, बघा तरी," त्यांनी माझा हात धरून मला खाली ओढलं. "उंदीर काय असा आपलं घर ओढत नेतो?"

मी बघितलं. पिठात एक रुंद चर उमटली होती, काहीतरी जड ओढत नेल्यासारखी. तिच्या दोन्ही बाजूंना सुईने टोचल्यासारखे ठिपके. ती चर पपईकडे गेली होती, पपईभोवती फिरली होती आणि थेट माझ्या गॅसच्या टाकीमागे शिरली होती. बाई रांगत गेल्या, हात घातला आणि मुठीएवढा शंख बाहेर काढला. तळहातावर धरून नुसत्या थांबल्या. थोड्या वेळाने शंखातून एक जांभळी नांगी आली, मग दुसरी, मग काड्यांवरचे दोन डोळे. शंखात राहणारा खेकडा, आणि फळीवरचे ते काळे दाणेही त्याचेच. सकाळसकाळी इतक्या माणसांची तोंडं बघून तो पुन्हा आत गेला.

माझा जीव भांड्यात पडला. भाऊ जिन्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पोरं ओरडायला लागली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. आणि त्या गोंधळात टकळीने भोकाड पसरलं.

"मॅडम, तो माझा शंख आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या बेटावर तिला तो सापडला होता. बेटावरून वाळूचा कण आणायचा नाही हे तिला ठाऊक होतं. पण शंख फार सुंदर होता, आणि तिने आत बघितलं तर रिकामा दिसला. खेकडा पार तळाशी दडून बसला होता. तिने तो मोज्यात गुंडाळून उशाशी ठेवला. काल पिशव्या पालथ्या झाल्या तेव्हा आता आपण सापडणार म्हणून तिचं धाबं दणाणलं, तर मोजा रिकामा. शंख गेला कुठे तेच तिला कळेना, आणि सांगायची हिंमत होईना.

मी तिला चांगली फैलावर घेणार होते. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या डझनभर पोरांच्या उशांजवळून तो शंख चालत गेला आणि एकाला पत्ता लागू नये? पण बाईंनी मला हाताने थांबवलं. त्या स्वतःशीच म्हणत होत्या, "बेटावर जातानाच बघत राहिलो आपण. येताना काय येतं ते बघितलंच नाही कधी." मग टकळीला म्हणाल्या, "रडू नकोस. तू चूक केलीस, ती आपण दोघी आजच दुरुस्त करू. पण काल बोलली असतीस तर माझं एक दिवसाचं मरण वाचलं असतं." टकळीने मान हलवली. तिचं नाक गळत होतं. बाईंनी पिठाच्या हातांनी तिचं तोंड पुसलं आणि ते आणखीच रंगवून ठेवलं.

भावाने वायरलेस चालू करून बाईंच्या हातात दिला. पलीकडे पहिल्या बेटाचा रक्षक.

"साहेब, आम्ही परत येतोय," बाई म्हणाल्या. "तुमचा एक रहिवासी चुकून आमच्याबरोबर आला. त्याला घरी सोडायचंय."

"माणूस?" रक्षक घाबरला.

"नाही हो. स्वतःचं घर पाठीवर घेऊन फिरतो तो."

पलीकडून मोठं हसू आलं. माझा भाऊ, जो कालपासून एक घास जेवला नव्हता, तो शीड ओढता ओढता गात होता. त्याला गाता येत नाही, पण त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही.

वारा उलटा होता, जायला दुपार झाली. खेकडा माझ्या चहाच्या पातेल्यात, ओल्या फडक्यावर. छोट्या होडीतून बाई आणि टकळी दोघीच किनाऱ्यावर गेल्या. आधी रक्षकाने दोघींच्या बुटांचे तळवे बघितले, आणि बाईंनी पाय उचलून दाखवले, शाळेतल्या मुलीसारखे. मी डेकवरून बघत होते. टकळीने पातेलं वाळूत आडवं केलं. खेकडा काही हलेना. दोघी तिथेच बसून राहिल्या. शेवटी तो बाहेर आला आणि झुडपाकडे चालायला लागला, आपलं घर ओढत. मागे वळून बघायचं त्याला काही कारण नव्हतं. बाई मात्र बसूनच होत्या, चेहरा आभाळाकडे करून.

टकळीने मला नंतर सांगितलं, "मावशी, मॅडमनी डोळे मिटले होते. मी म्हटलं, जाऊया का? तर म्हणाल्या, थांब, ऐकू दे जरा."

परत बोटीवर आल्यावर बाई सरळ खाली आल्या. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. जमिनीवरचं पीठ मी अजून झाडलं नव्हतं. मला वाटलं, चहा मागतील.

"मावशी, भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "काय आहे?"

भात होता, बटाट्याची रस्सा भाजी होती, कालची होती म्हणून मला लाजच वाटली. मी गरम करून वाढली. त्या पिठात मांडी घालून बसल्या आणि जेवल्या. मान वर न करता, बोटं चाटत. दुसऱ्यांदा भात मागितला. मी वाढत होते आणि माझे डोळे भरून येत होते, आणि मी म्हणत होते की कांद्याचा धूर झालाय. कांदा तेव्हा चुलीवर नव्हताच.

जेवून त्या तिथेच बाकावर आडव्या झाल्या आणि बघता बघता घोरायला लागल्या. वर पक्ष्यांचा तोच कलकलाट चालला होता, कानाचे पडदे फाडणारा. एक मुलगा दबकत खाली आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, मॅडमची झोप मोडेल. जिन्यावरची झडप लावून घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "उघडी राहू दे."